ओतीव चिनी, घणाखालची युरोपीय: जुनी नाणी ओळखायची आणि जमवायची रीत

भारतीय नाणी जमवता जमवता पुष्कळजणांची नजर दोन परक्या प्रांतांकडे जाते: चौकोनी भोकाची चिनी नाणी आणि मध्ययुगीन युरोपातली पातळ चांदीची नाणी. दोन्हींतली साधी नाणी अजून खिशाला परवडतात, दोन्हींवर वाचता येईल असा मजकूर असतो आणि दोन्हींत बनावट मालाचा सुळसुळाट आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी एकच सांगतो. नाण्यावर काय लिहिलंय ते मागाहून बघा, आधी ते घडलं कसं ते बघा.

चिनी नाणं साच्यात धातू ओतून केलेलं असतं. युरोपीय नाणं दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून, वरून घण घालून पाडलेलं असतं. बुडबुड्यांचे बारीक खड्डे, किंचित गोलावलेली अक्षरं, कडेवर कानशीच्या खुणा ही ओतकामाची लक्षणं. ती चिनी नाण्यावर दिसली तर त्यात वावगं काही नाही. तीच इंग्लंडच्या पेनीवर दिसली, तर कुणीतरी खऱ्या पेनीचा साचा काढून ही ओतली आहे असं समजा. उलट ठशाखाली दबून चकतीची कड फाटणं, चित्र एका बाजूला सरकणं, दुहेरी उठणं हे घणाच्या नाण्यात चालतं. चिनी नाण्यावर अक्षराभोवती अशी तीक्ष्ण, दाबल्यासारखी धार दिसली तर तो यंत्रावर छापलेला नवा माल असायचीच शक्यता जास्त. पुढचं सगळं या फरकाला धरून आहे.

जवळ काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग, लोहचुंबक आणि टेबललॅम्प. एवढ्यात भागतं. दिवा डोक्यावर नको. नाणं सपाट ठेवा, दिवा बाजूने अगदी खाली आणा आणि नाणं हळूहळू फिरवा. झिजून गेलंय असं वाटणारं अक्षर एखाद्या कोनात सावलीने उठून दिसतं. त्याच क्षणी मोबाइलवर फोटो घ्या. पुढचं वाचन फोटोवरून करणं सोपं जातं.

चिनी नाणं: आधी सरळ धरा

लिपी येत नसेल तरी चालेल. मोजकी अक्षरं चेहऱ्याने ओळखता आली की बहुतेक नाणी लागतात.

भोकाच्या दोन बाजूंना दोनच अक्षरं असतील तर नाणं बहुधा जुन्या काळातलं. कडेला उंचवटा नसेल आणि नाणं ओबडधोबड असेल तर ते ‘बान लियांग’ असू शकतं. हे छिन राज्याचं नाणं, इ.स.पू. २२१मध्ये चीन एकछत्री झाल्यावर तेच देशभर चाललं. कडेला उंच धार आणि उजवीकडे डमरूच्या आकाराचं अक्षर असेल तर ते ‘वू झू’. हान सम्राट वू याने इ.स.पू. ११८मध्ये ते सुरू केलं आणि वेगवेगळ्या राजवटींत ते सातशेहून अधिक वर्षं पडत राहिलं. त्यामुळे ‘वू झू’ ओळखणं सोपं, पण ते नेमकं कोणत्या राजाचं हे ठरवणं जाणत्यांनाही जड जातं. सुरुवातीला ‘वू झू, हान किंवा नंतरचं’ एवढ्यावर थांबलात तरी हरकत नाही.

चार अक्षरं असतील तर नाणं जवळजवळ नक्की इ.स. ६२१ नंतरचं. त्या वर्षी तांग घराण्याच्या गाओझू सम्राटाने ‘काई युआन तोंग बाओ’ काढलं. त्याची अक्षरं ओउयांग शुन या नामांकित सुलेखनकाराची. दहा नाण्यांचं वजन एक लियांग (जुनं चिनी वजनाचं माप) असा हिशेब होता, म्हणजे एक नाणं सुमारे ४ ग्रॅमचं. व्यास २४–२५ मिलिमीटर. पुढे सुमारे तेराशे वर्षं चिनी नाण्यांनी हाच साचा गिरवला.

नाणं सरळ कसं धरायचं ते ‘बाओ’ हे अक्षर सांगतं. वर छप्पर, मध्ये आडव्या रेघांची चौकट, खाली दोन लहान पाय. हे अक्षर भोकाच्या डाव्या बाजूला, पाय खाली येतील असं धरा. आता ‘तोंग’ शोधा: त्याच्या डाव्या अंगाने उतरलेली रेघ तळाशी उजवीकडे लांब पसरते. तोंग उजवीकडे असेल तर वाचन वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असं. तोंग तळाशी असेल तर वरून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचायचं. तोंगच्या जागी ‘युआन’ असू शकतं: वर दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय आणि उजव्या पायाचं टोक वर वळलेलं. नियम तोच. ‘काई युआन’ मात्र अपवाद आहे. तिथे युआन तळाशी असलं तरी तोंग उजवीकडेच आहे. त्यातलं वरचं अक्षर दुपाखी दरवाजासारखं दिसतं, तेवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

उरलेली दोन अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा सम्राटाने आपल्या कारकिर्दीतल्या त्या कालखंडाला दिलेलं नाव. तेच तुम्हाला काळ देतं.

सुंग काळ: इथून सुरुवात करा

माझं स्पष्ट मत आहे की चिनी नाण्यांचा संग्रह उत्तर सुंग काळापासून सुरू करावा. कारण दोन. पहिलं म्हणजे ही नाणी अफाट पाडली गेली. १०८०च्या सुमारास वर्षाला ५० लाखांहून जास्त माळा निघत आणि एक माळ नावाला १००० नाण्यांची. त्यामुळे चांगल्या स्थितीतलं खरं नाणंही स्वस्त मिळतं आणि बनावटीचा धोका कमी राहतो. दुसरं कारण अक्षरांचं. इतकं देखणं सुलेखन रोजच्या खरेदीविक्रीतल्या तांब्याच्या नाण्यावर क्वचितच कुठे सापडेल. ९९०मध्ये ताईझोंग सम्राटाने ‘छुनहुआ युआन बाओ’ची अक्षरं तीन वळणांत स्वतः लिहिली. पुढे हुईझोंग सम्राटाने ‘चोंगनिंग’ आणि ‘दागुआन’ नाण्यांना आपलं बारीक, ताणलेलं, टोकदार वळण दिलं. चित्रकार म्हणून थोर आणि राजा म्हणून दुर्दैवी असा हा माणूस. त्याच्या हाताची रेघ हजारभर वर्षांनी तुमच्या तळहातावर येते. चोंगनिंगचं दहाच्या किमतीचं मोठं नाणं भिंगाखाली धरलं, की ‘तोंग’च्या शेवटच्या रेघेचं टोक कसं झटक्यात सुटलंय ते दिसतं.

आता एक नाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळखून बघू. व्यास २४ मिलिमीटर, वजन ३.७ ग्रॅम, मागची बाजू कोरी. बाओ डावीकडे धरलं. तोंग तळाशी आहे, म्हणजे वाचन गोल फिरून. वर युआन. उजवीकडे एक भरगच्च अक्षर: वर रेघांची दाटी, खाली चौकोन आणि बैठक. ते ‘फेंग’. नाणं ‘युआन फेंग तोंग बाओ’, शेनझोंग सम्राट, १०७८ ते १०८५. आता वळण बघा. रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या आणि वळणदार असतील तर मुद्रा-वळण. लेखणी न उचलता लिहिल्यासारख्या एकमेकींत मिसळल्या असतील तर धावतं वळण. दोन्ही भरपूर मिळतात. तिसरं, ठाशीव कारकुनी वळणाचं युआन फेंग मात्र दुर्मीळ आहे. परंपरा ती अक्षरं सू दोंगपो या कवीची मानते, म्हणून ते कुणी स्वस्तात देऊ केलं तर सावध राहा. व्यास ३० मिलिमीटरच्या आसपास आणि वजन दुप्पट भरलं तर नाणं दोनच्या किमतीचं.

सुंग टांकसाळी एकाच नाण्याच्या दोन वळणांतल्या जोड्या काढत: व्यास, भोक आणि कडेची रुंदी जुळणारी, फक्त अक्षराचं वळण वेगळं. अशा जोड्या लावणं हा थोड्या पैशांत बराच काळ पुरणारा छंद आहे.

दक्षिण सुंग काळात आणखी सोय झाली. ११८०पासून नाण्याच्या मागे राजवर्षाचा आकडा येऊ लागला. चिनी एक ते दहा आकडे पाठ केले की नाण्याचं नेमकं वर्ष सांगता येतं. युरोपात नाण्यावर साल घालणं रूढ व्हायला त्यानंतर जवळपास तीन शतकं गेली.

चुंबकाबद्दल एक सूचना. चिकटलं म्हणजे खोटं, असं सुंग नाण्यांच्या बाबतीत सरसकट म्हणता येत नाही. सिचुआनसारख्या भागांत लोखंडाची नाणी अधिकृतपणे चालत. पण काशाचं म्हणून विकलेलं नाणं चुंबकाला चिकटलं, तर ते परत करा.

मागे मांचू अक्षरं असतील तर

मग नाणं चिंग घराण्याचं, १६४४ नंतरचं. हे घराणं मांचू लोकांचं, म्हणून मागे त्यांची लिपी. इथे एका सम्राटाचं एकच नाव चालतं, त्यामुळे काम सोपं: कांगशी (१६६२–१७२२), चियानलोंग (१७३६–१७९५), जियाचिंग (१७९६–१८२०), दाओगुआंग (१८२१–१८५०) वगैरे. मागच्या बाजूला डावीकडचा उभा मांचू शब्द बहुतेक नाण्यांवर सारखाच असतो. उजवीकडचा टांकसाळीचं नाव सांगतो. बीजिंगच्या दोन टांकसाळी, एक महसूल खात्याची आणि एक बांधकाम खात्याची, सगळ्यांत जास्त भेटतात. त्यांचे शब्द आधी डोळ्यांत बसवा.

‘चिनी’ म्हणून आलेल्या पुडीत शेजाऱ्यांचीही नाणी निघतात. मागे लाटांची नक्षी असेल तर ते जपानचं ‘कान्एइ त्सूहो’. मागे भोकाभोवती टांकसाळीचं अक्षर आणि आकडे असतील तर कोरियाचं ‘सांग प्योंग तोंग बो’ असण्याचा संभव. फार पातळ, हलकं, अक्षरं चिनी पण काम सैल, असं असेल तर व्हिएतनाम तपासा.

ही नाणी आपल्याकडे केवळ आजच्या बाजारातून आलेली नाहीत. तमिळनाडूत तंजावर भागात चिनी नाण्यांचे निधी सापडले आहेत, त्यांत सुंग नाणी मोठ्या संख्येने आहेत. केरळात कोल्लम बंदराचा गाळ काढतानाही चिनी नाणी वर आली. चोळांच्या काळातल्या सागरी व्यापाराची ही खूण आहे.

युरोप: क्रूस शोधा

मध्ययुगीन युरोपचं बरंचसं कोडं शार्लमेन या फ्रँकांच्या राजाच्या नाणेसुधारणेने सुटतं. ७९३च्या सुमारास त्याने एक पौंड चांदीची २४० दनिये नाणी असं प्रमाण पक्कं केलं. फ्रान्समध्ये दनिये, इंग्लंडमध्ये पेनी, जर्मन मुलखात फेनिग. १३व्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात प्रत्यक्ष हातात खेळणारं नाणं मुख्यतः हेच एक. पातळ, चांदीचं, १७ ते २० मिलिमीटरचं.

मजकूर गोल फिरतो. सुरुवात कुठून ते कडेवरचा छोटासा क्रूस सांगतो. तो घड्याळातल्या बाराच्या जागी आणा आणि उजवीकडे वाचत जा. भाषा लॅटिन. ‘यू’ची जागा ‘व्ही’ घेतं, ‘एन’ पुष्कळदा उलटा पडतो, ‘ई’ आणि ‘सी’ दोन्ही गोल असल्याने एकमेकांसारखे दिसतात. शब्द निर्दयपणे तोडलेले असतात. नुसता ‘आर’ म्हणजे ‘रेक्स’, राजा. पुढच्या बाजूला राजाचं नाव आणि मागे टांकसाळीचं गाव, असा साधारण प्रघात.

नावावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. इंग्लंडमध्ये ११८०पासून १२४७पर्यंत आखूड क्रूसाच्या पेन्यांवर ‘हेन्रिकस रेक्स’ हेच नाव राहिलं, रिचर्ड आणि जॉन गादीवर असतानाही. अशा नाण्यांचा काळ दाढीच्या कुरळ्यांवरून, मुकुटाच्या मण्यांवरून आणि मागे ज्याचं नाव असतं त्या टांकसाळ-कारागिरावरून ठरवावा लागतो.

सुरुवातीसाठी मी पहिल्या एडवर्डची पेनी सुचवेन. १२७९च्या नव्या नाणेपद्धतीतून ती आली. वजन सुमारे १.४ ग्रॅम. समोरून बघणारा मुकुटधारी चेहरा, दोन्ही बाजूंना केसांचे झुपके. मजकूर असा तोडलेला: ई-डी-डब्ल्यू, आर, ए-एन-जी-एल, डी-एन-एस, एच-वाय-बी. म्हणजे ‘एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी’. मागे कडेपर्यंत पोचणारा लांब क्रूस आणि त्याच्या प्रत्येक कोनात तीन टिंबं. भोवती ‘सिव्हितास लंडन’ असेल तर टांकसाळ लंडनची. ‘कँटोर’ असेल तर कँटरबरीची, ‘दुरेमे’ असेल तर डरमची. नावाचा एक ठोकताळा उपयोगी पडतो: ‘ई-डी-डब्ल्यू’ एवढंच असेल तर बहुधा पहिला एडवर्ड, पुढे ‘ए’ आला तर बहुधा दुसरा. अपवाद आहेत, पण पहिल्या चाळणीला हा ठोकताळा पुरतो. क्रूस कडेपर्यंत नेण्यामागे व्यवहार होता. लोक कडेची चांदी कातरत. क्रूसाची टोकं तुटलेली दिसली की चोरी उघडी पडे. १२७९पूर्वी सुटे पैसे हवे असले की तेव्हाच्या पेनीवरच्या क्रूसावरून तिचे दोन किंवा चार तुकडे करत. असे कापलेले अर्धे-पाव तुकडे आज स्वस्त मिळतात आणि संग्रहात ते हवेतच.

इतर ठिकाणी काय घ्यावं? हंगेरीच्या तिसऱ्या बेलाचं, सिंहासनावर दोन राजे बसलेले दाखवणारं तांब्याचं नाणं स्वस्त आणि ओळखायला सोपं. क्रूसयुद्धांच्या काळातलं अँटिओकचं दनिये, शिरस्त्राण घातलेला चेहरा आणि बाजूला चंद्रकोर व तारा, हेही नेहमी बाजारात असतं. फ्रान्सच्या नवव्या लुईने १२६६मध्ये काढलेला ‘ग्रो तूर्नुआ’ सुमारे ४.२ ग्रॅमचा आणि जरा महाग. पण घेतलात तर त्याच्यावरची दोन वर्तुळांतली अक्षरं वाचण्यातच एक संध्याकाळ जाईल. जर्मन प्रदेशातली एकाच बाजूने छापलेली, कागदासारखी पातळ ‘ब्रॅक्टिएट’ नाणी सुंदर आहेत, पण बोटाच्या दाबानेही वाकतात. ती अनुभव आल्यावर घ्या.

सोन्याची नाणी नवख्याने घेऊ नयेत, पण एक ओळखता यायलाच हवं, कारण ते मराठी घरांत निघू शकतं: व्हेनिसचं डुकाट. १२८४मध्ये सुरू झालं, १७९७पर्यंत जवळपास त्याच रूपात पाडलं गेलं, वजन साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर आणि सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला उभे संत मार्क गुडघे टेकलेल्या दोजला, म्हणजे व्हेनिसच्या शासकाला, ध्वज देतात. दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये ख्रिस्त. व्यापारातून ही नाणी भारतात प्रचंड आली आणि त्यांच्या नकलाही इथे झाल्या. दागिन्यांतल्या पुतळ्यांशी यांचं नातं जोडलं जातं. आजीच्या माळेतल्या पुतळीवर भिंग धरा: लॅटिन अक्षरं नीट लागत असतील आणि दोजचं नाव वाचता येत असेल तर ती व्हेनिसची असू शकते. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं असतील तर ती इथली नक्कल. दोन्हींना इतिहास आहे, म्हणून सोनाराकडे वितळवायला देण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

खरं-खोटं

ओळीने तपासा: वजन, व्यास, कड, पृष्ठभाग, रंग. युरोपीय चांदीच्या नाण्याच्या कडेवर सलग सांधा असेल, अक्षरांच्या पायथ्याशी साबणासारखा मऊपणा असेल, किंवा दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा असेल तर ती ओतीव नक्कल. चिनी नाणी ओतल्यावर चौकोनी सळईत ओवून कड कानसत, म्हणून भोक चौकोनी आणि कडेवर कानशीच्या रेघा. जुन्या नाण्यावर त्या रेघाही झिजलेल्या असतात. कड कोरी करकरीत आणि चेहरा मात्र हजार वर्षांचा, हे जुळत नाही. हिरवा गंज ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाला रंग देत असेल तर तो रंगच आहे. चाकू आणि फावड्याच्या आकाराची चिनी नाणी, प्रचंड व्यासाची नाणी, चित्रांची ताईतनाणी यांत खोट्याचं प्रमाण फार. पहिली काही वर्षं त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घेताना विक्रेत्याकडून लेखी पावती, खोटं निघाल्यास परतीची हमी आणि नाणं आधी कुणाकडे होतं याची माहिती मागा. ती द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून स्वस्तातलंही घेऊ नका. चिनी नाण्यांच्या वर्णनात ‘हार्टिल’ आणि पुढे आकडा दिसतो. तो एका प्रमाण सूचीतला क्रमांक असतो, आपल्या नाण्याशी स्वतः ताडून बघा. ऑनलाइन तुलनेसाठी आशियाई नाण्यांकरता झेनो, आणि ब्रिटनमध्ये सापडलेल्या नाण्यांकरता पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा साठा उपयोगी आहे. दोन्हीकडे वजनासकट फोटो असतात.

कायदा

भारतात १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट द्यायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. जमिनीत सापडलेला निधी १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की जानेवारी २००९पासून तिथे तांग काळाच्या अखेरीपर्यंतच्या चिनी नाण्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. सुंग नाणी त्यात येत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

जपणूक

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका. तांब्याकाशावरचा गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर हेच त्याचं कवच आणि सौंदर्य. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, आणि मऊ झालेली माती बांबूच्या काडीने काढा. फिकट हिरवी, पावडरीसारखी बुरशी दिसली तर ती खरी बुरशी नव्हे, क्षारांमुळे लागलेली कीड आहे. ते नाणं ताबडतोब वेगळं करा, डिस्टिल्ड पाण्यात क्षार उतरवा आणि पूर्ण वाळवा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वाकलेली पेनी सरळ करायला गेलात तर ती मोडेल. वाकलेलीच राहू द्या.

मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट द्रव सुटतो, म्हणून मायलर या पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि गणपतीच्या सुमारास ते बदला.

प्रत्येक नाण्यामागे एक चिठ्ठी हवी: नाव, राजा, काळ, टांकसाळ, वजन, व्यास, सूचीतला क्रमांक, कुणाकडून आणि कधी घेतलं, किंमत. ओळख अंदाजाने केली असेल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला. जुन्या संग्राहकाची चिठ्ठी नाण्यासोबत आली असेल तर ती फाडू नका, तिच्यावर खाडाखोडही करू नका. आपली चिठ्ठी वेगळी लिहा आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवा.